कुकरच्या जास्तीच्या रिंगेसाठी, मनापासून आभार

जालन्याच्या चर्चच्या मंडळीतल्या खजिनदार ताई, महिला मंडळाच्या सगळ्या मावश्या आणि तरुण संघाची मुलं,
सप्रेम नमस्कार.

नाताळ होऊन गेला, पण सामान मुक्कामी पोचल्याशिवाय आभार मानायचे नाहीत असं ठरवलं होतं. आता मणिपुरातल्या डोंगराळ चुराचांदपूरकडून आणि इंफाळ खोऱ्यातून, दोन्हीकडून निरोप आलाय. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

मणिपुरात 3 मे 2023 ला मैतेई आणि कुकी-झो या दोन समाजांत हिंसाचार उसळला आणि 60 हजारांच्या आसपास माणसं घरदार सोडून शिबिरांत आली. बातम्या आटल्या तशी मदतही आटली. जी येत राहिली तिच्यातली बरीच नसती आली तरी चाललं असतं, हे स्पष्टच लिहायला हवं. काही ठिकाणांहून नुसती गाठोडी यायची. उघडली की आत विटक्या सुती साड्या, चेन तुटलेल्या बॅगा, एकाच पायाचा बूट. तिथल्या बायका फानेक नाहीतर पुआन गुंडाळतात, साडी नेसत नाहीत. पावसात भिजलेल्या गाठोड्याला बुरशी धरते, ते निवडायला चार माणसं दोन दिवस अडकतात, आणि जिथे एक कुटुंब झोपलं असतं ती खोली चिंध्यांनी भरते. पाठवणाऱ्यांचे फोटो मात्र छान येतात.

तुम्ही आधी विचारलंत. 'तिथे आत्ता काय कमी पडतंय?' एवढाच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत थांबलात.

कॅरोलच्या, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या, फेऱ्यांना एका दानपेटीमागे दोन माणसं, पेटी चर्चमध्ये सगळ्यांदेखत उघडायची, पैसे त्याच रात्री मोजायचे आणि आकडा फळ्यावर लिहायचा, हा तुमचा शिरस्ता. मोसंबीच्या एका करंडीचा लिलाव चार वेळा झाला, कारण घेणारा प्रत्येक जण ती परत टेबलावर ठेवत होता! जालन्याच्या मोसंबीला याहून मोठा मान कुठला मिळायचा?

ब्लँकेटच्या आधी तुम्ही जाड सतरंज्या घेतल्यात, तेही नेमकं. गारठा वरून कमी आणि सिमेंटच्या जमिनीतून जास्त चढतो. खाली काही नसेल तर अंगावर दोन पांघरुणं घेऊनही म्हातारी माणसं रात्रभर कुडकुडतात. किल्लारी-सास्तूरच्या लोकांनी 1993 च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढलेत, त्यामुळे आपल्या मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण ज्या गोष्टीने आमच्या डोळ्यांत पाणी आणलं, ती होती कुकरच्या दांड्याला बांधलेली लहानशी प्लास्टिकची पिशवी.

शिबिरातल्या सामायिक स्वयंपाकातून माणूस एका खोलीत राहायला गेला की त्याला पहिल्यांदा आपली चूल हवी असते, म्हणून 5 लिटरचे कुकर ठरले. तुम्ही सगळे एकाच कंपनीचे, एकाच मापाचे घेतलेत. वेगवेगळे स्वस्त पडत होते, तरी घेतले नाहीत. आणि प्रत्येकाबरोबर त्या पिशवीत एक जास्तीची रबरी रिंग आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. रोजच्या वापराने रिंग कडक होते, कडेने वाफ सुटते, शिट्टी होत नाही आणि भाताला दुप्पट गॅस जातो. पाणी आटलं की व्हॉल्व्ह उडतो. दोन्ही वस्तू किरकोळ किमतीच्या, पण रस्ता बंद असेल तेव्हा त्यांच्यावाचून चांगला कुकर नुसतं पातेलं होऊन बसतो. एकाच मापाचे असल्याने शेजारणीची रिंगही आता चालते.

पिशवीत संडे स्कूलच्या मुलांनी काढलेलं चित्र होतं. मराठी तिथे कोण वाचणार, म्हणून एक अक्षर नाही. झाकण उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून बघणारा डोळा. भांड्याच्या निम्म्यावर लाल रेघ, कारण डाळ त्याच्या वर गेली की फेस येऊन नळी बुजते. आणि धुतलेली रिंग झाकणात न ठेवता खिळ्याला अडकवलेली. आता तिथल्या एका खोलीत ते चित्र भिंतीला चिकटवलंय आणि शेजारीच खिळ्यावर रिंग लटकतेय. तो फोटो सोबत पाठवत आहोत, मुलांना नक्की दाखवा.

हे सगळं तुम्ही खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी-झो, दोन्हीकडच्या घरांसाठी केलंत. डोंगरातला माल मिझोराममधल्या ऐझॉलमार्गे आणि खोऱ्यातला नागालँडमधल्या दिमापूरमार्गे, म्हणजे दुहेरी भाडं. 'आपल्या माणसांनाच द्या' म्हणणारे भेटले असतील तुम्हाला. तरी ताई, तुमच्या यादीत जातीचा किंवा धर्माचा रकाना नव्हता. कुटुंबात माणसं किती, तान्हं मूल आहे का, म्हातारं कोण, एवढंच होतं. देणाऱ्याने घेणाऱ्याची लाज राखावी ही जुनी रीत आहे आपल्याकडे, आणि ती अजून जिवंत आहे हे त्या यादीत दिसलं.

कुकर उघडून, तपासून, पुन्हा खोक्यात भरताना रात्रीचे दोन वाजवणाऱ्या त्या मावश्यांना आमचा वेगळा नमस्कार सांगा. एकही झाकण वाकलेलं निघालं नाही.

आपले ऋणी,
शिबिरांना साहित्य पोचवणारे कार्यकर्ते,
छत्रपती संभाजीनगर