टॅबच्या खोक्यातलं पत्र

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

ईशानसाठी, तुमच्या लाडक्या नातवासाठी, टॅब आणलाय. खोक्यात सगळ्यात वर हे पत्र ठेवतेय, कारण बाबा परवा म्हणाले, "जे काय असेल ते कागदावर लिहून दे, तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत राहत नाही." आणि खरं सांगू का, समोरासमोर त्याच्या फोन-टॅबवरच्या बंधनांचा विषय निघाला की आपले आवाज चढतात. गेल्या शनिवारी आई, तू पोळ्या लाटता लाटता एकदम गप्प झालीस. नौपाड्याहून घरी पोचेपर्यंत, अख्ख्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, मला तेच दिसत होतं.

"आमच्यावर भरवसा नाही म्हणून कुलपं लावतेस का?" असं तू विचारलंस. त्याचं उत्तर आधी देते. ईशानच्या हातात पहिला फोन दिला तो मी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो दोन वर्षांचा होता, माझे ऑफिसचे कॉल चालू असायचे आणि फोनशिवाय वरणभाताचा घास आत जायचा नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, असं त्यांचं म्हणणं आहे. आपला एक तास नाश्त्यातच संपायचा. तेव्हा ही कुलपं तुमच्यामुळे नाही, मीच लावलेल्या सवयीमुळे आणावी लागली आहेत.

बाबांचा फोन मात्र आता त्याला नको. त्यात बँकेचं ॲप आहे, यूपीआय आहे आणि तुमच्या ग्रुपवर काय काय येतं ते तुम्हालाच ठाऊक. मागच्या महिन्यात तुम्ही त्याला बालगीत लावून दिलंत आणि आंघोळीला गेलात. तुमचं काहीच चुकलं नाही. एक गाणं संपलं, पुढचं आपोआप लागलं, त्याच्या पुढचं लागलं, आणि तुम्ही बाहेर येईपर्यंत तो त्या रक्ताळलेल्या बाहुलीपर्यंत पोचला होता. नंतर तीन रात्री तो आमच्या दोघांच्या मध्ये झोपला.

टॅब गोखले रोडवरून घेतला. दुकानदाराने आधी सशाच्या कानांचं गुलाबी कव्हर घातलेला 'किड्स टॅब' पुढे केला. "मॅडम, यात पेरेंटल कंट्रोल कंपनीतूनच टाकून येतं." मी सेटिंग्जमध्ये जाऊन बघितलं, तर सुरक्षेचा शेवटचा अपडेट दोन वर्षांपूर्वीचा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये तळाशी ते यंत्र गूगलने प्रमाणित केलंय की नाही ते लिहिलेलं असतं, तिथेही नन्नाचा पाढा. नुसते कान लांब! त्यापेक्षा साधा, मोठ्यांचा म्हणूनच विकला जाणारा टॅब बरा. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, वर जाड फोमचं कव्हर, म्हणजे सोफ्यावरून पडला तरी चालेल. ह्यांचं मन आयपॅडवर होतं. त्यातही 'स्क्रीन टाइम' नावाची चांगली सोय आहे, पण सात वर्षांच्या पोराच्या हातात एवढी महाग काच द्यायला माझं मन होईना.

सिमकार्डवाला मुद्दाम घेतला नाही. घरचं वायफाय असलं तरच व्हिडिओ चालेल. रिक्षात बसून मागितला तर "इथे चालत नाही" म्हणायचं, खोटंही बोलावं लागणार नाही.

त्याचं स्वतःचं गूगल खातं काढलंय, खऱ्या जन्मतारखेचं. पुष्कळ आईबाप कटकट नको म्हणून मुलाचं वय वाढवून टाकतात. मग लहान मुलांसाठीची बंधनं त्या खात्याला लागतच नाहीत आणि जाहिरातीही मोठ्यांसारख्या दिसतात. बाबा, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय, त्याची माहिती घ्यायला आईबापाची संमती हवी, असं त्यात म्हटलंय. हे खातं 'फॅमिली लिंक' नावाच्या ॲपने माझ्या फोनला जोडलंय. नवीन गेम हवा असेल तर विचारणा माझ्याकडे येते. मी हो म्हटल्याशिवाय काही उतरत नाही.

आता गंमत ऐका. यूट्यूबच्या जागी 'यूट्यूब किड्स' टाकलं. त्यात कोपऱ्यात एक कुलूप असतं. ते दाबलं की मोठ्या माणसांसाठीची सेटिंग्ज उघडतात, आणि दाबणारा मोठाच आहे हे ओळखायला ते एक गुणाकार विचारतं. रविवारी मी वीस मिनिटांचा टायमर लावून कणीक मळायला गेले. अर्धा तास झाला तरी आतून कार्टूनचा आवाज! बाहेर येऊन बघते तर टायमर बंद. "कसा काय रे?" तर म्हणे, "त्याने सात गुणिले आठ विचारलं. सात आठी छप्पन्न. सोप्पं होतं." बाबा, तुम्ही त्याला बारापर्यंत पाढे घोकून घेतलेत ना, त्याची ही फळं. त्या कंपनीच्या हिशेबात दुसरीतल्या मुलाला पाढे येत नसावेत. ओरडायला तोंड उघडलं, पण हसूच आलं. आता गुणाकाराच्या जागी माझा चार आकडी कोड घातलाय.

तिथे शोधायची सोयही बंद आहे. मी निवडलेले चॅनेलच दिसतात, सध्या बारा आहेत. आई, हे काम खरं तर तुझं आहे. कोणत्या गोष्टी चांगल्या, कुठली भाषा धड, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नावं सांगत जा, मी रात्री घालत जाईन. न आवडलेलंही सांग. निवडलेल्या चॅनेलवरही उद्या काय येईल याचा नेम नसतो. म्हणून टॅब हॉलमध्येच, इयरफोनशिवाय. तू स्वयंपाकघरात असलीस तरी कानावर पडत राहील. चार्जिंगला लावून मात्र खेळू देऊ नका.

रोजचा एक तास ठरवलाय, रविवारी दीड. वेळ संपला की पडदा आपोआप बंद होतो, आणि रात्री साडेआठ ते सकाळी सात तर उघडतच नाही. बाबा, बंद पडला म्हणून दुरुस्तीला नेऊ नका, तो बिघडलेला नसतो. "आई म्हणाली आज चालेल" असं तो हमखास सांगेल. तेव्हा मला फोन करा. पाऊस असेल, शेजारची मुलं आली असतील, तर मी ऐरोली स्टेशनवर उभी राहूनही पंधरा मिनिटं वाढवून देऊ शकते. म्हणजे रडारड झाली तर नाही म्हणणारी मी, तुम्ही नाही. तुम्ही आपले आजी-आजोबाच राहा, सगळं खापर माझ्यावर फोडा.

एक सांगायचं राहिलं. टॅब सुरू करायला पिन लागतो आणि तो फक्त तुम्ही टाकायचा, पडदा स्वतःकडे वळवून. आधी मी त्याची जन्मतारीख ठेवली होती, ती त्याने पहिल्या फटक्यात ओळखली. आता चरईच्या घरी आपला काळा फोन होता ना, ज्याची तबकडी फिरवताना आईचं बोट अडकायचं, त्या नंबरचे शेवटचे चार आकडे ठेवलेत. तुम्हा दोघांना झोपेतही आठवतील. त्याने तो फोन पाहिलेलाच नाही.

शनिवारी येते. येताना मामलेदारची मिसळ बांधून आणू का?

तुमची,
मनू

ता.क. हे पत्र वाचून झालं की कपाटात ठेवा, फ्रीजवर चिकटवू नका. बाबांच्या कृपेने तो आता जोडाक्षरंही वाचायला लागलाय. आणि चरईच्या फोनचा नंबर विचारायला आलाच, तर विसरलो म्हणून सांगा.