पोळ्याची खांदेमळणी रोज व्हावी

महोदय,

श्रावण अमावास्या जवळ आली की आठवडी बाजारात झुली, घुंगरमाळा, गोंडे, बेगड आणि रंगाचे डबे लटकू लागतात. आपल्या दैनिकातही पोळ्याची छायाचित्रे येतील. सजावटीला आमचा विरोध नाही, वर्षातून एक दिवस बैल नवरदेवासारखा दिसलाच पाहिजे. पण मिरवणूक मोठी होत गेली आणि आदल्या संध्याकाळची खांदेमळणी, म्हणजे बैलाचे खांदे धुऊन चोळण्याचा विधी, उरकून टाकण्याचे काम झाले, हे सल आहे. शेतकऱ्याच्या घराची कृतज्ञता त्या संध्याकाळी गोठ्यात असते.

खांदेमळणीचा विधी नीट पाहिला तर ती बैलाची तपासणीच आहे. औत सोडल्यावर बैलाला तासभर विसावा द्यायचा. मग अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्याने मान आणि वशिंडापुढचा भाग धुवायचा. घाम, माती आणि जुवाचा मळ निघाला की जाडसर सुती फडके कोमट पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटे शेकायचे. नंतर वाटीभर तेलात किंवा लोण्यात दोन चमचे हळद कालवून तळहाताने हलकेच चोळायची. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ हे आमंत्रण देतात ते याच वेळी.

चोळताना हाताला बरेच काही कळते. एका बाजूची कातडी गरम लागते, दाबले की बैल मान चोरतो, कुठे केस गेलेले असतात, कुठे सुपारीएवढी गाठ लागते. ही खांदेसुजीची सुरुवात. कारणे बहुतेक वेळा साधी असतात. जोडीतला एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असतो, जुवाच्या आतल्या अंगाला गाठ किंवा खडबडीतपणा राहिलेला असतो, गाडीत माल पुढे भरल्याने सगळा भार मानेवर येतो, पावसात भिजलेल्या मानेवर तसेच जू ठेवले जाते. उन्हाळाभर बसून असलेल्या बैलाला एकदम दिवसभर जुंपले तरी हेच होते. सूज त्याच दिवशीची असेल तर शेक देऊ नये, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. जुनी असेल तर शेक. कातडी फुटून जखम झाली असेल तर चोळणेही नको. जखम स्वच्छ करून डॉक्टरांना दाखवावी आणि ती पूर्ण भरेपर्यंत त्या मानेवर जू ठेवू नये. पेरणी-वखरणीच्या घाईत हे अवघड जाते, हे मान्य. पण तसाच जुंपलेला बैल पुढे महिनाभर बसवावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की खांदेमळणी वर्षातून एकदा न होता रोज व्हावी. लोणी-हळद रोज नको. औत सोडल्यावर मानेवरून एकदा हात फिरवायचा, वेसणीजवळ नाकपुडी पाहायची, खुरांच्या बेचक्यात खडा किंवा काटा आहे का ते पाहायचे, कानात, शेपटीखाली आणि मांड्यांच्या सांध्यात गोचीड चाचपायचे. दोन बैलांना दहा मिनिटे पुरतात. हे काम घरातल्या मुलांकडे द्यावे. ज्या पोराचा हात रोज बैलाच्या मानेवरून फिरतो, त्याला दया शिकवायला वेगळे बसवावे लागत नाही.

आता शिंगांविषयी. शिंग म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. वरच्या कवचाखाली रक्तवाहिन्या असलेले जिवंत हाड असते आणि मोठ्या बैलात त्याची पोकळी कपाळाच्या पोकळीला जोडलेली असते. पोळ्याला चकाकी यावी म्हणून शिंगे खोलवर साळणे, त्यावर दर वर्षी तैलरंगाचे थर चढवणे आणि मुळाशी दोर करकचून बांधणे यांनी त्या भागाला सतत इजा होते. लांब शिंगांच्या देशी बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो आणि अशी वारंवार होणारी इजा हे त्याचे एक कारण मानले जाते. एक शिंग कलणे, बैलाने सारखी मान झटकणे किंवा शिंग खांबाला घासणे, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी येणे ही लक्षणे दिसली की थांबू नये. लवकर शस्त्रक्रिया झाली तर बैल वाचण्याची आशा असते. पूर्वी शिंगांना हिंगूळ लावत. पण अस्सल हिंगुळात पारा असतो आणि बैल एकमेकांना चाटतात, म्हणून तोही नको. अंगावर गेरू आणि हळदीचे ठसे, शिंगांना तेलाचा हात, वर बेगड आणि गोंडे, एवढ्यात बैल देखणा दिसतो.

नवी वेसण घालताना जुनी ओढून काढू नये. जुनीच्या टोकाला नवी बारीक सुतळीने सपाट बांधून, तेल लावून हळूच ओढून घ्यावी, म्हणजे नाकातले छिद्र फाटत नाही. नायलॉन टाळावे. ते ओले झाले की कातडी कापते, आणि पावसाळ्यात त्या जखमेत माश्या बसून किडे पडायला वेळ लागत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो नैवेद्याचा. बैल दारोदार फिरतो आणि प्रत्येक घरी प्रेमाने एक-दोन पुरणपोळ्या त्याच्या तोंडात जातात. दहा-बारा घरे झाली की पंधरा-वीस पोळ्या, म्हणजे कणीक, डाळ आणि गूळ मिळून दोन-तीन किलोंचा ऐवज कडब्यावर वाढलेल्या पोटात एकदम पडतो. त्याने पोटात आम्ल वाढते. बैल रवंथ थांबवतो, डावी कूस फुगते, आंबूस वासाचे पातळ शेण पडते, पाय अडखळतात. जास्त झाले तर बैल बसतो आणि उठत नाही. यावर उपाय सोपा आहे. मिरवणुकीला निघण्याआधी बैलाला पोटभर वैरण आणि पाणी द्यावे. आपल्या घरी एक पोळी द्यावी, बाकी घरांनी लिंबाएवढा घास आणि हिरव्या गवताची पेंढी द्यावी. नैवेद्याचा मान घासाला असतो, परडीभर पोळ्यांना नसतो. उरलेल्या पोळ्या बैल घेऊन आलेल्या गड्याच्या शिदोरीत बांधाव्यात. लक्षणे दिसलीच तर नरसाळ्याने काहीही बळजबरीने पाजू नये. ते फुप्फुसात गेले तर जीव जातो. डॉक्टर येईपर्यंत खाणे बंद ठेवून बैलाला उभे ठेवण्याचा प्रयत्न करावा.

त्या गड्याबद्दलही लिहिले पाहिजे. विदर्भात पोळा फुटल्यावर, म्हणजे जमलेल्या बैलजोड्या पांगल्यावर, दारी बैल आणणाऱ्याला बोजारा म्हणजे बक्षिसी देतात. वर्षभर कासरा त्याच्या हातात असतो, थंडीत पहाटे उठून वैरण तोच टाकतो. त्याचा हिशेब पोळ्याआधी चुकता करावा, त्याला आणि त्याच्या बायकोला कपडे घ्यावेत, आणि औक्षणाचे ताट बैलापुढून सरकले की त्याच्यापुढेही धरावे.

याच दिवशी पिठोरी अमावास्याही असते. आई वाणाचे ताट डोक्यावर घेऊन ‘अतीत कोण?’ विचारते आणि मागून मुले ‘मी’ म्हणतात. एकाच घरात एकाच दिवशी बैलासाठी आणि लेकरांसाठी मागणे मागितले जाते. कर्ज, पाऊस, बाजारभाव यांनी पिचलेल्या घराला त्या दिवशी आधार वाटतो तो यामुळे. चूल एक, ताट एक, आणि गोठ्यातला बैलही घरातलाच. मात्र त्या घरातल्या बाईचा दिवस पहाटे पुरण शिजवण्यापासून सुरू होतो आणि बैलाचे पाय धुऊन झाले तरी संपत नाही. पुरण वाटणे आणि पाणी भरणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी उचलावीत.

ट्रॅक्टर आल्याने अनेक दावणी रिकाम्या झाल्या आहेत. तिथे मातीचे बैल पुजले जातात, तेही मनापासून. अशा घरांनी त्या दिवशी बैल राखलेल्या शेजाऱ्याला वैरणीची एक मोळी नेऊन द्यावी.

एक कळकळीची विनंती. श्रावणात नदी-ओढे भरलेले असतात. बैल धुवायला एकट्या मुलांना खोल पाण्याकडे पाठवू नये. हातपंपाच्या पाण्याने, बादलीने धुतलेला बैलही तितकाच स्वच्छ होतो. आणि पोळ्याच्या पुरवणीत आपण जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा 1962 हा निःशुल्क क्रमांक ठळक छापावा. अंगणात गेरू कालवलेला असतोच, त्याच गेरूने तो प्रत्येकाने गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आपले,
पशुपालक वाचक, वाशीम