राजीनामा द्यायच्या आधी

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

काल तू चिडून फोन ठेवलास म्हणून लिहितोय. ओरडायला नाही.

तुझ्याबरोबर लागलेला मुलगा कायम झाला आणि तू अजून कंत्राटावरच, हे ऐकून माझंही डोकं फिरलं. वर 'तू काय, उद्या लग्न करून जाशील' हे ऐकवायचं! पण म्हणून वेर्ण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून सांग्याला घरी येऊन करशील काय? साळावलीचं धरण आपल्या तालुक्यात, त्यात आजीचं कुर्डी गाव गेलं, पाणी मात्र पार वास्कोपर्यंत. खनिजही तसंच, सावर्ड्याला बार्जमध्ये भरलं की चाललं मुरगाव बंदराला. पगारही तिकडेच. सोडू नकोस.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या तेव्हा तू सातवीत होतीस. ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालूच. मध्ये जरा सुरू झाल्या, तर २०१८ च्या मार्चमध्ये कोर्टाच्या निकालाने परत बंद. तेव्हा घर आईच्या सोलांवर, म्हणजे आमसुलांवर, चाललं. अंगणात सुपं मांडून भिरंडं (कोकमाची फळं) फोडायची, बोटं महिनाभर लाल, मग पिशव्या भरून कुडचड्याच्या बाजारात. आणि कुठल्याही फॉर्मवर तिच्या नावापुढे काय? 'गृहिणी'. सरकारच्या गृह आधार योजनेचे १५०० येतात, तेही गृहिणी म्हणूनच. तुझ्या नावापुढे तसं लागू नये, एवढंच.

गोव्यात पोर्तुगीज कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा, हे तुझ्या भावाला, बाबूला, मी तोंडावर सांगितलंय. पण वाटा कशात, तर चार काजूंच्या झाडांत! खरा वाटा म्हणजे तुझा पगार. कायम करण्याचा अर्ज लेखी दे, पोच घे. दुसरीकडे बघायचं तर बघ, पण हातात नेमणूकपत्र आल्याशिवाय हे सोडू नकोस. केप्याच्या स्थळाची मंडळी 'लग्नानंतर नोकरी कशाला' म्हणाली, तर त्यांना मी बघतो.

झालं, भाषण सुरू झालं माझं. रागावू नकोस. वाड्यावरची पहिली बी.एस्सी. तू, लोक विचारतात तेव्हा मी दोनदा सांगतो. पण रात्रपाळी सुटल्यावर कंपनीची बस तुला नाक्यावर सोडते आणि तिथून खोलीपर्यंत तू एकटी चालतेस, हे आठवलं की मलाच वाटतं, दे सोडून, ये घरी. तेवढं मात्र तू माझं ऐकू नकोस.

सोलं बाबूबरोबर पाठवतोय. राजीनामा लिहून ठेवला असशील तर द्यायच्या आधी फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझा,
बाबा