गाठ किती किलोची, ते आधी लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातली रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, घेणाऱ्या परदेशी कंपन्या इथल्या कर्मचाऱ्यांना इंग्रजी बोलायला आणि टाय बांधायला शिकवतात. ते शिकवावेच, पण परदेशातल्या सहकाऱ्याशी खटका उडतो तो वेगळ्याच गोष्टींवरून. रुईची दाबून बांधलेली आपली गाठ १७० किलोची, अमेरिकेतली ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोची. हजार गाठींच्या बोलण्यात ४८ टनांची तफावत पडते आणि समोरचा लबाड आहे, असे दोन्हीकडे मनात बसते. गाठींच्या आकड्यापुढे किलो लिहायलाच हवेत. ०५/११ ही आपली ५ नोव्हेंबर, तर अमेरिकेत ११ मे; तेव्हा महिना अक्षरात लिहावा.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते विचारण्याच्या पद्धतीने. ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ असे साहेबाने फोनवर विचारले की आपला फोरमन ‘हो’ म्हणतो. वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे. तिकडे ते वचन समजून जहाजावर जागा धरली जाते, आणि इकडे ओला कापूस वाळत पडलेला असतो. त्यापेक्षा ‘आज किती गाठी प्रेस झाल्या, कापसात ओल किती टक्के, लाइन किती तास गेली होती?’ असे विचारा. फोरमन खरे तेच सांगेल, त्याला कोणाचा अपमानही करावा लागणार नाही.

तक्रारही नेमकी हवी. ‘रुईत प्लास्टिक सापडले’ एवढ्यावरून जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, काहीच शोधता येत नाही. पोत्याचा पांढरा प्लास्टिक धागा रुईत दिसत नाही. तो रंग धरत नाही म्हणून कापड रंगवल्यावर उघडा पडतो. तोवर महिने उलटलेले असतात. लॉट नंबर, गाठीचा नंबर आणि धाग्याचा फोटो आला, तर त्या दिवशी कापूस कोणत्या पोत्यांतून उतरला, इथपर्यंत माग काढता येतो.

आणखी एक. युरोपची घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात, नेमका इथला हंगाम सुरू होताना. जिनिव्हाची दुपारी ३ ची बैठक आपल्याकडे साडेसहाऐवजी साडेसातला येते. रुईची प्रत ठरवणारा ग्रेडर तोवर गावाकडच्या एसटीत बसलेला असतो. ज्याने रुई हातात घेऊन पाहिली, तोच बैठकीत नसतो. हंगामात बैठक आपल्या ४ वाजता ठेवावी, तेव्हा जिनिव्हात साडेअकरा वाजलेले असतात. ग्रेडरला मराठीत बोलू द्यावे आणि दुभाष्याचा खर्च कंपनीने करावा.

आपले,
जिनिंग-प्रेसिंगमधील काही कर्मचारी,
हिंगणघाट, जि. वर्धा