म्युपिरोसिनची ट्यूब चिठ्ठीशिवाय नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या आरोग्य पुरवणीत त्वचेची काळजी कशी घ्यावी यावर दरवर्षी छापून येतं. औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतून जे दिसतं ते मात्र त्यात नसतं, म्हणून हे पत्र. विट्यात माझं मेडिकल आहे. या दिवसांत "ताई, ती जखमेची ट्यूब द्या" हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस जात नाही. नाव कुणी घेत नाही, पण हवी असते ती म्युपिरोसिन या अँटिबायोटिक मलमाची, दोन टक्क्यांची. पोराचा गुडघा खरचटला, केसतोड आलं, कान टोचले, डास चावलेलं खाजवून फोडलं, सायलेन्सरला पोटरी भाजली, पायाला चिखल्या झाल्या, सगळ्याला तीच. चिखल्या बहुधा बुरशीच्या, आणि बुरशीवर हे औषध चालत नाही. मोठ्या भाजल्यावर तर ते मुळीच थापू नये. मलमात पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं, ते उघड्या कातडीतून अंगात शोषलं जातं आणि मूत्रपिंडं कमजोर असलेल्याला त्रासाचं ठरू शकतं. खोक्यात घडी करून ठेवलेल्या कागदावर अशा सूचना असतात. तो कागद दुकानाच्या पायरीवरून झाडून काढायचं काम मात्र माझ्याकडे.

औषध उत्तम आहे, तक्रार औषधाबद्दल नाही. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स नावाचा जिवाणू ते स्वतःच बनवतो. त्याचा शोध 1971 च्या सुमाराचा, आणि 1985 मध्ये ते ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. जिवाणूला प्रथिनं बनवायची तर प्रत्येक अमिनो आम्ल (प्रथिनाचा एकेक मणी) त्याच्या ठरलेल्या वाहक आरएनएवर (टीआरएनए) चढवावं लागतं. मार्केट यार्डात मुकादम ज्याचं पोतं त्याच हमालाच्या पाठीवर देतो, तसं हे काम प्रत्येक आम्लाचं वेगळं एन्झाइम करतं. आयसोल्युसीन हे त्यातलंच एक आम्ल, ते चढवणारं एन्झाइम म्हणजे आयसोल्युसिल टीआरएनए सिंथेटेज. म्युपिरोसिन नेमकं त्याच्या खाचेत जाऊन बसतं. आयसोल्युसीन पोचलं नाही की प्रथिनाची साखळी तिथंच अडते. माणसाचं हेच एन्झाइम थोडं वेगळ्या घडणीचं असल्यामुळे आपल्याला सहसा काही होत नाही. रक्तात गेलं तर मात्र हे औषध लगेच फुटून मोनिक आम्ल होतं आणि निकामी ठरतं. म्हणून याची गोळी नाही, इंजेक्शन नाही. कातडी आणि नाकपुडी एवढीच त्याची हद्द.

आता काळजीची गोष्ट. औषध बनवणारा जिवाणू स्वतः कसा मरत नाही? त्याच्याकडे त्याच एन्झाइमचा दुसरा नमुना असतो, ज्याला म्युपिरोसिन चिकटत नाही. आपल्या कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकस (थोडक्यात स्टॅफ) या जिवाणूला हीच युक्ती सापडली आहे. एमयूपीए नावाचं जनुक त्याला असंच पर्यायी एन्झाइम देतं. हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, त्यामुळे ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं, आणि बरोबर इतर अँटिबायोटिक्सना दाद न देणारी जनुकंही घेऊन जाऊ शकतं. न्यूझीलंडमध्ये 1991 पासून 2000 पर्यंत ही ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळत होती. तिथं रोधक, म्हणजे या औषधाला दाद न देणारा स्टॅफ इतका वाढला की पुन्हा चिठ्ठी लावावी लागली. मग डॉक्टर फ्युसिडिक ॲसिड या दुसऱ्या अँटिबायोटिक मलमाकडे वळले, आणि त्यालाही रोध वाढला. तेव्हा नुसती एक ट्यूब कपाटात ठेवून शेजारची मोकळी सोडायची, यानं काही साधणार नाही.

"एवढ्याशा मलमानं काय होतंय?" असं मला गिऱ्हाईक विचारतं. होतं ते असं. आपल्यातल्या साधारण तिघांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस मुक्कामाला असतो. हृदयाच्या किंवा सांध्याच्या ऑपरेशनआधी तो काढायला पाच दिवस, दिवसातून दोनदा नाकात हेच औषध घालतात. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीत (2010) असे जंतू नाकात असलेल्या रुग्णांना म्युपिरोसिन आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा साबण दिला, तेव्हा रुग्णालयात होणारा स्टॅफचा संसर्ग 7.7 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर आला. सांगली-कोल्हापूरला गुडघा बदलायला जाणारी आजी माझ्याच गल्लीतली असते. तिच्या नाकातला जंतू रोधक निघाला तर त्या पाच दिवसांचा उपयोग काय?

यात डॉक्टर मंडळींनाही बोलायचं आहे. तारुण्यपिटिकांवर, इसबावर, नुसत्या सोलपटल्यावर म्युपिरोसिन लिहिलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. लहान मुलांच्या पिवळ्या खपलीच्या फोडांवर ते जरूर लिहावं. दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि तीन ते पाच दिवसांत फरक नसेल तर परत दाखवायला सांगावं. साध्या खरचटण्याला साबण-पाणी आणि स्वच्छ पट्टी पुरते. पू, ताप, पसरणारी लाली किंवा मधुमेह असेल तर मलम शोधत बसू नये, दवाखाना गाठावा. उरलेली अर्धी ट्यूब पुढच्या वर्षीसाठी फ्रिजच्या दारात ठेवण्याचीही गरज नाही.

मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक चार पावलं पुढच्या दुकानात जातं आणि ट्यूब घेऊनच घरी जातं. एकट्या दुकानदाराच्या शहाणपणावर हे सोडून चालायचं नाही. 2018 साली केंद्रानं चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या यादीत आणली. त्याच धर्तीवर अँटिबायोटिक मलमांचाही नियम सुटसुटीत आणि निःसंदिग्ध करावा, आणि आमची बिलबुकं तपासायला येणाऱ्यांनी झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याच्या बाटल्यांबरोबर या ट्यूबांचीही खरेदी-विक्री ताडून पाहावी. तपासणी माझ्या दुकानापासून सुरू केली तरी हरकत नाही.

आपली,
एक औषधविक्रेती, विटा (जि. सांगली)