फोटोतला दांडा बघा की

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सायन्स फिक्शन सिनेमांवरचा लेख वाचला, तसा आवडला पण. फक्त १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या 'एक्स-विंग' ह्या लढाऊ यानाचा जो फोटो टाकलाय त्याच्याखाली छापलंय 'कॉम्प्युटरवर तयार केलेलं अंतराळयान', आणि त्याच फोटोत यानाच्या पोटाखालून आलेला दांडा चांगला ढळढळीत दिसतोय. कॉम्प्युटरवरच्या यानाला दांडा कशाला लागेल हो? आणि पुढच्या कॉलममध्ये जुन्या सिनेमातल्या सगळ्या यानांना 'खेळणी' म्हणून टाकलंय.

मला हे लागलं कारण मी २८ वर्षं फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होतो. सागवानाचा पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात तो लाकडी नमुना, बनवायचा, बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं म्हणून तेवढा मोठा ठेवायचा, घासून घासून गुळगुळीत करायचा नाहीतर वाळूतून सुटत नाही. हे इतकं सांगतोय कारण सिनेमाच्या मॉडेलचं बरोबर उलटं असतं, आणि ते मला रिटायर झाल्यावर नातवासाठी शॅम्पूच्या बाटलीचं यान बनवताना कळलं. इतकं मस्त फिनिश दिलं, पुतण्याच्या डीएसएलआरवर शूट केलं, तर स्क्रीनवर काय दिसलं, शॅम्पूची बाटली! मग जुन्या रिमोटच्या सर्किटचे तुकडे, पेनांची टोपणं, नातवाच्या मोडक्या रणगाड्याच्या किटचे पार्ट असं काय काय चिकटवलं, वर मॅट करडा रंग मारला, कडांना काजळी लावली, तेव्हा कुठे ती बाटली एकदम शंभर फुटांची वाटायला लागली.

'स्टार वॉर्स'वाल्यांनी हेच केलं होतं. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज भागात एका गोडाऊनमध्ये १९७५ साली ही मंडळी जमली, बरीचशी विशी-पंचविशीतली पोरं, मॉडेल शॉपचा प्रमुख ग्रँट मॅक्यून. रणगाडे, जहाजं, गाड्या असले प्लॅस्टिक किट ढिगाने आणायचे आणि डब्यावरचं चित्र सोडून नुसते पार्ट काढून यानाला चिकटवायचे. डोळ्याला बारीक तपशील दिसला की तो वस्तू मोठी धरतो, सपाट दिसलं की छोटी, एवढंच गणित. सिनेमाच्या सुरुवातीला डोक्यावरून जाता जात नाही ते भलंमोठं यान प्रत्यक्षात साधारण ३ फुटांचं होतं!

आणि ते यान हलतच नव्हतं. यान दांड्यावर गप्प उभं, मागे निळा पडदा, आणि कॅमेराच रुळावरून त्याच्याकडे जातो. इफेक्ट्सचा प्रमुख जॉन डिक्स्ट्रा, त्याच्या टीमने ह्याच्यासाठी मोटरवर चालणारा कॅमेरा बांधला, जो तीच हालचाल पुन्हा पुन्हा तंतोतंत करू शकायचा, म्हणजे एकदा यान शूट करा, फिल्म मागे घ्या, आता फक्त इंजिनाचे दिवे. माझ्या बाटलीची शेपूट धूसर आली होती, कारण लेन्स जवळ आली की मागचं फोकसमधून जातं आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की वस्तू वीतभर आहे. त्याला उपाय म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक करायचं, पण मग उजेड कमी पडतो, म्हणून एकेका फ्रेमला खूप वेळ द्यायचा आणि कॅमेरा गोगलगायीसारखा सरकवायचा. पडद्याचा निळा भाग नंतर काढून तिथे तारे टाकायचे, म्हणून यानावर निळा रंग चालत नव्हता, आपलं ते पोटात दांडा असलेलं एक्स-विंग, सिनेमातली त्या यानांची 'ब्लू' तुकडी त्यामुळेच 'रेड' झाली आणि पट्टे लाल आले.

त्या सिनेमात खरं कॉम्प्युटरवरचं चित्र बघायचं तर हल्ल्याआधीच्या मीटिंगमध्ये पडद्यावर रेघांचा जो बोगदा दाखवतात तो, लॅरी क्यूबाने केलेला.

अजून एक. मॉडेल लहान केलं तरी वस्तू पडायला लागणारा वेळ त्याच प्रमाणात लहान होत नाही. १६ मीटरवरून दगड १.८ सेकंदात पडतो, १ मीटरवरून ०.४५ मध्ये, म्हणजे १६ पट छोट्या मॉडेलचा स्फोट ४ पट वेगाने शूट करायचा, सेकंदाला २४ च्या जागी ९६ फ्रेम, आणि दाखवताना २४ नेच दाखवायचा, तर तुकडे जड वाटतात. पाण्याचं आणि आगीचं मात्र ह्यानेही पूर्ण जमत नाही, थेंब तेवढाच राहतो. इंग्लंडात स्लाऊला १९६५ च्या सुमाराला 'थंडरबर्ड्स' ह्या टीव्ही मालिकेचे इफेक्ट्सवाले डेरेक मेडिंग्ज हेच करायचे, शिवाय गाडी जागेवर ठेवून तिच्याखालचा रस्ताच पट्ट्यासारखा फिरवायचे, आणि कोरी करकरीत गाडी मुद्दाम मळवायचे. आमच्या शॉपमध्ये असं मळवलं असतं तर फोरमनने हाकलला असता.

आपल्याकडचं सांगायचं तर १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबांना न्यायला विमान आलं तेव्हा कुठे होता कॉम्प्युटर? (ते सायन्स फिक्शन नाही, माहितीये, पण लेखकांनी हे उदाहरण घ्यायला हवं होतं.) आणि हे सगळं संपलंय असंही नाही, २०१९ च्या 'द मँडलोरियन'साठी जॉन गुडसन यांनी यानाचं मॉडेल बनवलं, थ्रीडी प्रिंटचे पार्ट वापरून, आणि ते तसंच मोटरच्या कॅमेऱ्याने शूट झालं.

लेखकांवर राग नाही, पूर्ण लेखात डायरेक्टरचं नाव आठ वेळा आणि बनवणाऱ्या एकाचंही नाही एवढंच खटकलं. छापलेलं आता बदलत नाही, पण वेबसाईटवर फोटोखालची ओळ अजून तशीच आहे, आज सकाळीच बघितली. तेवढी बदला. आणि फोटो कापू नका प्लीज, दांडा राहू द्या.

— एक वाचक, चिंचवड