लिनक्स काढू नका, डेस्कटॉप बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट थांबवले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणून शाळा, वाचनालये आणि घरोघरच्या जुन्या पण धडधाकट संगणकांवर लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली टाकली जात आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र बहुतेकांच्या कानावर पहिले नाव येते ते उबंटू या लिनक्सच्या प्रकाराचे. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ते टाकले जाते, ब्राउझरच्या तीन-चार टॅब उघडल्या की माऊस अडखळू लागतो, आणि ‘लिनक्सही चालत नाही’ असे म्हणून मशीन भंगारवाल्याकडे जाते. हे निदान चुकीचे आहे. तिथे जड असतो तो वरचा डेस्कटॉप, आणि तो सुटा करून बदलता येतो.

विंडोजमध्ये पडद्यावर दिसणारे सगळे आणि खालची प्रणाली एकजीव असते. लिनक्समध्ये पॅनल, मेनू, खिडक्या आणि फाइल मॅनेजर मिळून एक वेगळा संच असतो, त्यालाच इथे डेस्कटॉप म्हटले आहे. उबंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांत मूळचा संच ‘नोम’ असतो. तो दिसायला देखणा आहे, पण प्रत्येक खिडकी तो ग्राफिक्स चिपकडून रंगवून घेतो. चिप जुनी असेल किंवा तिचा ड्रायव्हर नीट बसलेला नसेल, तर हेच काम ‘एलएलव्हीएम-पाइप’ नावाचा सॉफ्टवेअर रेंडरर प्रोसेसरकडून करवून घेतो, आणि मग साधी खिडकी सरकवली तरी पंखा जोरात फिरू लागतो. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर ग्राफिक्सपुढे हे नाव दिसले, तर निम्मे कारण तिथेच सापडले असे समजावे.

हलक्या पर्यायांत एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी ही दोन नावे पुरेशी आहेत. एक्सएफसीई १९९६पासून विकसित होत आहे आणि पॅनल, कोपऱ्यातला मेनू अशी मांडणी विंडोजवरून आलेल्या माणसाला लगेच समजते. एलएक्सक्यूटी त्याहून थोडा हलका, पण त्याच्या सेटिंग्ज जरा विखुरलेल्या. २ जीबी रॅम असेल तर एलएक्सक्यूटी, ४ जीबी असेल तर निःशंक एक्सएफसीई. या दोघांतल्या फरकावर वाद घालत बसण्याइतका तो मोठा नाही.

बदल करण्याआधी मोजमाप घ्या. मशीन रीस्टार्ट करा, काहीही न उघडता पाच मिनिटे थांबा आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ‘फ्री -एच’ ही आज्ञा द्या. (आज्ञा रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत टंकायच्या असतात, इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.) यात ‘फ्री’ हा रकाना पाहून घाबरू नका, कारण रिकामी रॅम लिनक्स फायलींच्या तात्पुरत्या साठ्यासाठी वापरते आणि गरज पडताच सोडते. पाहायचा तो शेवटचा ‘अव्हेलेबल’ रकाना. नोम नुसते उभे राहायला साधारण १ ते दीड जीबी घेते, एक्सएफसीई ५०० ते ८०० एमबी. ४ जीबीच्या मशीनवर हा फरक म्हणजे ब्राउझरच्या काही जादा टॅब आणि डिस्कवर कमी खडखड.

आता प्रत्यक्ष कृती. आधी सिस्टीम सेटिंग्जमधून ‘चाचणी’ म्हणून एक नवा युजर तयार करा. दोन डेस्कटॉप एकाच युजरखाली वापरले की आयकॉन, थीम आणि नेहमीचे प्रोग्राम यांची सरमिसळ होते, ती निस्तरायला वेळ जातो. मग ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सएफसीई४ एक्सएफसीई४-गुडीज’. डाउनलोड काहीशे एमबीपर्यंत जाऊ शकते, म्हणून मोबाइल हॉटस्पॉटवर घाईघाईने करू नका. मध्येच एक पडदा येऊ शकतो आणि विचारतो, लॉग-इनसाठी जीडीएम३ ठेवायचे की लाइटडीएम? सुरुवातीला जीडीएम३च ठेवा, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते. पंधरा दिवस सगळे सुरळीत चालले की ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लाइटडीएम’ देऊन बदला, कारण जीडीएमचा लॉग-इन पडदा आतून नोमच असतो. लाइटडीएम आले नसेल तर त्या वेळी ते इन्स्टॉल करावे लागेल.

रीस्टार्ट केल्यावर बरेच जण इथे अडतात: पुन्हा जुनाच डेस्कटॉप उघडतो. लॉग-इन पडद्यावर आधी ‘चाचणी’ या युजरच्या नावावर क्लिक करावे लागते, त्यानंतरच उजव्या खालच्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसते. त्यात ‘एक्सएफसीई सेशन’ निवडा आणि मग पासवर्ड टाका. ऑटो-लॉग-इन चालू असेल तर हा पडदा येतच नाही, तेव्हा एकदा लॉग-आउट करा.

नव्या डेस्कटॉपमध्ये काही गोष्टी गुपचूप गायब झालेल्या असू शकतात, कारण नोम त्या स्वतःच सांभाळत होते. वाय-फायचा आयकॉन दिसला नाही तर नेटवर्क चालू असते, फक्त ‘एनएम-ॲपलेट’ नसते; ते बसवा. प्रिंटरचे पान सापडत नसेल तर ‘सिस्टीम-कॉन्फिग-प्रिंटर’ लागेल. छपाई करणारी ‘कप्स’ ही सेवा तीच असल्याने आधी जोडलेला प्रिंटर पुन्हा जोडावा लागत नाही. ब्लूटूथला ‘ब्लूमन’. पेन ड्राइव्ह लावल्यावर आपोआप दिसत नसेल किंवा फाइल मॅनेजरमध्ये कचरापेटी नसेल तर ‘जीव्हीएफएस’ आणि ‘थुनार-व्होलमन’ ही पॅकेजे बसली आहेत का ते तपासा. ‘शिफारस केलेली पॅकेजे वगळा’ हा पर्याय लावून इन्स्टॉल केले की असेच होते. दहा एमबी वाचवण्यासाठी तो वापरू नये.

मराठीतून टंकणाऱ्यांना सगळ्यात मोठा धक्का कीबोर्डचा बसतो. नोममध्ये आयबस ही वेगवेगळ्या भाषांतून टंकण्याची सोय आपोआप सुरू होते, इथे तसे गृहीत धरता येत नाही. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड येत असेल तर आयबसची गरजच नाही. सेटिंग्ज, कीबोर्ड, ‘लेआउट’ टॅब या वाटेने जा, ‘यूज सिस्टीम डिफॉल्ट्स’वरची खूण काढा, ‘ॲड’ दाबा, ‘इंडियन’समोरचा बाण उघडा आणि मराठी इनस्क्रिप्ट निवडा. खालच्या पर्यायात भाषा बदलायची कळ ठरवा, ऑल्ट-शिफ्ट सोयीची पडते. सध्या कोणती भाषा चालू आहे हे दिसावे म्हणून पॅनलवर ‘कीबोर्ड लेआउट्स’ हा प्लगइन ठेवा, नाहीतर पासवर्ड मराठीत टंकला जातो आणि दोष मशीनला दिला जातो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनी ‘आयएम-कॉन्फिग’ चालवून आयबस निवडावे आणि लॉग-आउट होऊन परत यावे.

यानंतर ‘सेशन अँड स्टार्टअप’ उघडा. आपोआप सुरू होणाऱ्या यादीत नोमचे सॉफ्टवेअर-अपडेट, कॅलेंडरची आठवण, फाइल-शोध अशी मंडळी दिसतील. नको त्यांच्या खुणा काढा. ‘लाँच नोम सर्व्हिसेस’ला हात लावू नका, ते बंदच बरे. लॉग-आउटच्या चौकटीत ‘सेव्ह सेशन’ अशी एक खूण असते. ती एकदा चुकून राहिली की त्या वेळी उघडे असलेले सगळे प्रोग्राम पुढच्या लॉग-इनला पुन्हा उघडतात आणि ‘आधी चपळ होते, आता मंद झाले’ अशी तक्रार सुरू होते. जतन केलेली सेशन त्याच सेटिंगमधून पुसता येतात. मशीन फारच जुने असेल तर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधल्या शेवटच्या टॅबमध्ये कंपोझिटर, म्हणजे खिडक्यांच्या सावल्या वगैरे रंगवणारा भाग, बंद करा. सावल्या जातील, क्वचित व्हिडिओत आडवी चिरफळी दिसेल. तशी दिसली तर पुन्हा चालू करा.

एक इशारा मात्र कळकळीने द्यावासा वाटतो. नोम उडवायची घाई करू नका. जे चालू नाही ते रॅम खात नाही, फक्त डिस्कवर जागा घेते. ‘नोम’पुढे ‘*’ हे चिन्ह टाकून सगळे एका झटक्यात काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याबरोबर नेटवर्कचा आयकॉन, पीडीएफ वाचक, कधी लॉग-इन पडदाही जातो, आणि मग इंटरनेटशिवाय काळ्या पडद्यापुढे बसायची वेळ येते. काढायचेच असेल तर ‘वाय’ दाबण्यापूर्वी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी शेवटपर्यंत वाचा.

हलका डेस्कटॉप ब्राउझरला हलके करत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. एखादे बँकेचे किंवा सरकारी पोर्टल एक टॅब उघडून काहीशे एमबी घेते, ते कुठल्याही डेस्कटॉपवर तेवढेच घेणार. तिथे ‘झेडरॅम-टूल्स’ कामी येते. ते रॅमचाच एक भाग दाबून साठवणारी स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावरची राखीव जागा, म्हणून वापरते. ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘झेडरॅमस्वॅप’ नावाची फाइल असते, तीत ‘पर्सेंट’च्या ओळीच्या सुरुवातीचे ‘#’ चिन्ह काढून त्या ओळीत ५० लिहा आणि रीस्टार्ट करा.

खर्चाची तयारी असेल तर आधी फिरती हार्ड डिस्क बदलून अडीच इंची साटा एसएसडी बसवा, रॅमचा विचार नंतर. लॅपटॉपची रॅम घेताना डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत गफलत होते. पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ची, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपना दुसरीच चालते. दुकानात जाण्यापूर्वी आत असलेल्या पट्टीवरचा ‘पीसी३एल’ हा शिक्का पाहून घ्या. प्रोसेसर ३२ बिटचा असेल, तर ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये त्यासाठी इन्स्टॉलर नाही. अशा मशीनवर वरचा डेस्कटॉप बदलून प्रश्न सुटणार नाही.

आपला,
एक वाचक